नाचाच्या गाण्याचं सायकेडेलिक रॉक कव्हर कसं करावं? नव्या बँडसाठी पायरी-पायरीने

जॅम रूममध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, कुणीतरी हमखास सुचवतं, "अरे, तो डान्स नंबर आहे ना, तो जरा स्लो करू, वर फझ टाकू, झालं सायकेडेलिक!" (फझ म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत, फाटका करणारं पेडल. सायकेडेलिक म्हणजे साठच्या दशकातला स्वप्नासारखा तरंगता रॉक. आणि कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने वाजवणं.) तसं केल्यावर हाती येतं ते बहुतेक वेळा नुसतंच रडकं झालेलं डान्स नंबर असतं. मूळ गाण्यातली मजा गेलेली असते आणि तिच्या जागी दुसरं काही आलेलं नसतं.

लय कमी करणं हा या कामाचा एक भाग आहे, पण तो पहिला नाही. नाचाच्या गाण्यांत ठेका इतका पुढे असतो की शब्द आणि चाल त्याच्या मागे झाकली जातात. त्या झाकलेल्या भागात काही दम आहे का, हे आधी बघायचं. असेल तर तो बाहेर काढायचा, आणि ऐकणाऱ्याला गाणं ओळखू येईल असा एक तरी तुकडा शाबूत ठेवायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठीच आहेत.

पायरी १ : एकच गाणं दोन रूपांत ऐका

अभ्यासाला सर्वांत सोयीचं उदाहरण म्हणजे 'यू कीप मी हँगिंग ऑन'. हॉलंड–डोझिअर–हॉलंड या मोटाउन रेकॉर्ड कंपनीच्या त्रिकुटाने लिहिलेलं हे गाणं सुप्रीम्स या गायिकांच्या गटाने गायलं आणि नोव्हेंबर १९६६मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. गिटारची तारयंत्रासारखी टकटक, खाली पळणारा ठेका, पावणेतीन मिनिटांत खेळ खलास. पाय आपोआप हलतात. आता शब्दांकडे लक्ष द्या. प्रेम संपलंय, पण समोरचा धड सोडतही नाही आणि धरतही नाही, म्हणून ती बाई सुटका मागते आहे. म्हणजे लोक नाचत होते ते एका काकुळतीवर.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या व्हॅनिला फज या बँडने १९६७मध्ये नेमकी ही काकुळती पकडली. मार्क स्टाइन ऑर्गनवर आणि मुख्य गायक, टिम बोगर्ट बासवर, व्हिन्स मार्टेल गिटारवर, कारमाइन अपीस ड्रमवर, आणि निर्माता शॅडो मॉर्टन. गाण्याचे शब्द दुखरे आहेत आणि लय मात्र घाईची, म्हणून संथ करून पाहिलं, असं बँडमधल्या मंडळींनी नंतर सांगितलं आहे. अल्बमवर हे गाणं साडेसहा मिनिटांहून जास्त चालतं. रेडिओसाठी ते कापून तीन मिनिटांच्या आसपास आणलं होतं. पहिल्यांदा आलं तेव्हा फारसं चाललं नाही, १९६८मध्ये पुन्हा काढल्यावर सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. (गंमत म्हणजे १९८६मध्ये किम वाइल्डने हेच गाणं पुन्हा डान्स फ्लोअरवर नेलं आणि पुढच्या वर्षी ते अमेरिकेत परत पहिलं आलं. चांगली चाल दोन्हीकडे टिकते.)

दोन्ही रूपं हेडफोनवर लागोपाठ ऐका आणि वहीत दोन रकाने करा : काय ठेवलं, काय टाकलं. हा गृहपाठ कंटाळवाणा वाटेल, पण तो टाळणाऱ्यांची कव्हर्स ऐकली की लगेच कळतं.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर कायली मिनोगचं २००१चं 'कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड' आणि फ्लेमिंग लिप्सनी २००३च्या 'फाइट टेस्ट' ईपीवर (छोट्या अल्बमवर) केलेलं त्याचं रूप ऐका. आपल्याकडचं काही ऐकायचं असेल तर सिमला बीट या बँडच्या स्पर्धेच्या १९७० आणि १९७१च्या तबकड्या शोधा. देशभरच्या तेव्हाच्या पोरांनी फझ आणि ऑर्गन कसे हाताळले ते त्यांत ऐकायला मिळतं.

पायरी २ : गाणं निवडा, पण आधी ते गिटारशिवाय म्हणून बघा

ठेका नाही, वाद्य नाही, नुसतं गाणं संथपणे म्हणा. टाळीसुद्धा वाजवू नका. चाल उभी राहिली तर गाणं चालेल. काही डान्स गाण्यांत चाल नसतेच. एक आरोळी, एक ठेका आणि मध्ये बास खाली कोसळतो ती जागा, एवढंच असतं. ती गाणी नाचायला उत्तम असतात, पण ठेका काढला की खाली काही उरत नाही. ती सोडून द्या.

शब्दांत एखादी अस्वस्थता असेल तर सोनंच. वाट पाहणं, झोप न येणं, कुणीतरी डोक्यातून न जाणं, रात्र संपू नये असं वाटणं : नाचाच्या गाण्यांत हे विषय भरपूर असतात आणि संथ लयीत ते एकदम वेगळे ऐकू येतात. नुसतं "हात वर करा, नाचा" असेल तर तुम्ही कितीही इको टाका, ते विनोदीच वाटणार. विनोदच करायचा असेल तर गोष्ट निराळी.

आणि गाणं लोकांना माहीत असलेलं घ्या. अनोळखी गाण्याचं कव्हर केलं तर तुम्ही काय बदललंत ते ऐकणाऱ्याला कळणारच नाही.

पायरी ३ : कॉर्ड कमी करा, खाली एक सूर धरा

सायकेडेलिक रॉकचा बराचसा परिणाम न हलणाऱ्या सुरातून येतो. बीटल्सच्या १९६६च्या 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये तंबोऱ्याचा सूर खाली सतत चालू आहे आणि जवळजवळ सगळं गाणं एकाच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छावर) उभं आहे. आपल्या कानांना हे नवीन नाही. षड्ज धरून त्यावर चाल मांडणं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, तर त्याचा फायदा घ्या.

समजा, गाण्यात ए मायनर, एफ, सी, जी या चारच कॉर्ड फिरताहेत. आजकालच्या डान्स-पॉपमध्ये हे चक्र फार सापडतं. गिटार आणि कीबोर्डला त्याच कॉर्ड वाजवू द्या, पण बासवाल्याला सांगा की ए सोडायचा नाही. काय होतं बघा : एफखाली ए आला की तो एफचाच उलटवलेला कॉर्ड होतो. सीखाली ए आला की ए मायनर सेव्हन ऐकू येतो. आणि जीखाली ए आला की एक ताण तयार होतो, जो पुढच्या ए मायनरवर सुटतो. एकही नवा कॉर्ड न शिकता गाणं तरंगायला लागतं.

त्याच्या पुढचं पाऊल म्हणजे थाट बदलणं. वरच्या चक्राचे सूर आसावरी थाटाचे आहेत. त्यातला कोमल धैवत शुद्ध केला की काफी थाट होतो, ज्याला पाश्चात्त्य संगीतात डोरियन म्हणतात. साठच्या दशकातल्या रॉकमध्ये हा रंग भरपूर आहे. व्यवहारात सांगायचं तर एफच्या जागी डी मेजर वाजवा. मात्र आधी गायकाला विचारा. मूळ चालीत तो एफ सूर येत असेल तर डी मेजरमधल्या एफ शार्पशी त्याची टक्कर होईल. चाल मोडायची नाही, तेव्हा अशा ठिकाणी एफच ठेवा आणि नुसत्या वाद्यांच्या भागात काफीकडे जा.

तंबोऱ्यासाठी मोबाइलवरचं ॲप पुरतं. पट्टी ए, पहिली तार पंचमाला. ॲप आणि गिटारचा ट्यूनर दोन्ही ४४० हर्ट्झ या प्रमाण सुरावर आहेत ना, ते तपासा. ॲपमध्ये सूर किंचित हलवायची सरकपट्टी असते आणि तिला कधीतरी बोट लागलेलं असतं. मग अर्धा तास सगळे एकमेकांना बेसूर म्हणत बसतात.

पायरी ४ : लय शोधा

डान्स गाणं साधारण मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांच्या लयीत असतं. १२६चं सरळ निम्मं केलं तर ६३ येतं, आणि नवख्या बँडला ६३ सांभाळता येत नाही. दोन ठोक्यांमध्ये इतकी जागा असते की प्रत्येकजण आपापल्या अंदाजाने उतरतो.

म्हणून मेट्रोनोम लावून पायऱ्यांनी खाली या. ११०, ९६, ८४, ७२. प्रत्येक ठिकाणी एक कडवं म्हणा. एका टप्प्यावर नाचावंसं वाटणं थांबतं आणि शब्द ऐकू यायला लागतात. तुमची लय त्याच्या जरा खाली असते. दुसरी कसोटी गायकाच्या श्वासाची. ७२च्या लयीत आठ ठोके म्हणजे पावणेसात सेकंदांच्या आसपास. धृपदातली ओळ तेवढी लांब असेल आणि गायक मध्येच धापा टाकत असेल तर ७८ करा. कागदावरच्या लयीपेक्षा गायकाचा दम महत्त्वाचा.

ठरली की आकडा लिहून ठेवा. पुढे डिलेसाठी लागणार आहे.

पायरी ५ : ड्रम आणि बास

डान्स गाण्यात किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) प्रत्येक ठोक्यावर पडते. ती पहिल्यांदा काढा. सगळी काढली तरी चालेल. त्या जागी टॉमवर (मधल्या आकाराच्या ड्रमवर) दोन मात्रांचा एक घोळणारा ठेका बसवा आणि तो न बदलता वाजवत राहा. नव्या ड्रमरला हेच जड जातं, दर चौथ्या आवर्तनाला फिल (ठेक्यामधली छोटी सजावट) मारायची हुक्की येते. त्याला सांगा, फिल फक्त धृपदाच्या तोंडावर.

रेकॉर्ड करताना किकच्या आत जुना स्वेटर किंवा उशी कोंबा आणि माइक जवळ आणा. 'टुमॉरो नेव्हर नोज'च्या वेळी बीटल्सचा ध्वनिमुद्रक जेफ एमरिकने स्वेटरचीच युक्ती केली होती आणि वर भरपूर कॉम्प्रेशन (मोठे-लहान आवाज एका पातळीला दाबणं) दिलं होतं. त्या ड्रमचा जाड, दाबलेला आवाज तिथून येतो.

बासचं काम वर सांगितलंच. एकच भर घालतो : मूळ गाण्यातली बासची लकब लोकांना पाठ असेल तर ती टाकू नका. शेवटच्या दोन मिनिटांसाठी राखून ठेवा.

पायरी ६ : गिटार आणि पेडल

इथे पैसे उधळायची खुमखुमी येते, आवरा. एक फझ, एक डिले (प्रतिध्वनी देणारं), जमलं तर एक वाह (आवाज 'वाव-वाव' करणारं), बस.

फझ शक्यतो गिटारनंतर लगेच, साखळीत पहिला. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझच्या आधी बफर (सिग्नल मजबूत करणारं सर्किट) असलेलं पेडल किंवा ट्यूनर आला की त्याचा आवाज टोचरा आणि पातळ होतो. पहिलाच असला की गिटारची व्हॉल्यूमची घुंडी दहावरून सहावर आणताच तोच फझ जवळजवळ स्वच्छ होतो. हे घरी शांतपणे करून बघा : पेडलला पाय न लावता, एका करंगळीने, कडव्यात सहा आणि धृपदात दहा. अर्धं कव्हर तुम्ही एवढ्यावर वाजवू शकता.

फझवर पूर्ण कॉर्ड वाजवू नका, सहाही तारांचा चिखल होतो. मूळ सूर आणि पंचम, दोनच तारा. किंवा सरळ एकेरी सुरांत चाल वाजवा.

डिलेची वेळ हिशोबाने लावा. ६०,००० भागिले लय. ७२ला एक ठोका ८३३ मिलिसेकंदांचा. त्याचा पाऊण भाग, ६२५, लावला तर प्रतिध्वनी ठोक्यांच्या मधल्या जागेत पडतात आणि दोन गिटार असल्याचा भास होतो. पेडलवर टॅप बटण असेल तर अर्थात पायानेच काम होतं. फीडबॅकची (प्रतिध्वनी किती वेळा परत यावा ते ठरवणारी) घुंडी शेवटापर्यंत नेली की डिले स्वतःच कोकलायला लागतो. हा आवाज या शैलीत हवाहवासा आहे, फक्त तेव्हा दुसरा हात लेव्हलच्या घुंडीवर असू द्या, नाहीतर पुढच्या रांगेतले लोक कान धरतील.

पायरी ७ : ऑर्गन

कीबोर्डवाला असेल तर तुमचं निम्मं काम झालं. खऱ्या हॅमंड ऑर्गनचा हलता आवाज येतो तो लेस्ली स्पीकरमधून. त्यात वरचा हॉर्न आणि खालचा ड्रम प्रत्यक्ष गोल फिरतात. मंद गतीत मिनिटाला चाळीसेक फेरे, जलद गतीत चारशेच्या आसपास. हॉर्न हलका म्हणून लगेच वेग घेतो, खालचा भाग मागून रेंगाळत येतो, आणि त्या दोघांतल्या तफावतीतच सगळी जादू आहे. 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये बीटल्सच्या जॉन लेननचा आवाजही अशाच लेस्लीतून काढला होता.

एवढं धूड कुणाच्या फ्लॅटमध्ये मावणार? गॅरेजबँडसारख्या सॉफ्टवेअरमध्येही फिरत्या स्पीकरची नक्कल मिळते. मंद-जलद हा बदल मॉड व्हीलवर (कीबोर्डवरच्या छोट्या चाकावर) किंवा पायाच्या स्विचवर घ्या. ओळ सुरू होताना जलद करू नका. ओळीचा शेवटचा सूर धरा, मग जलद करा, आणि सूर सोडायच्या जरा आधी पुन्हा मंद. सतत जलद ठेवला की दहा सेकंदांत कानाला त्याची सवय होते आणि परिणाम संपतो.

पायरी ८ : गायन आणि उलटा रिव्हर्ब

गायकाने नाचाच्या गाण्यातला लाडिक आवाज सोडायचा आणि बोलल्यासारखं गायचं. कडवी जवळजवळ कुजबुजत, धृपद मोकळ्या गळ्याने. तोच भाग दोनदा रेकॉर्ड करून दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवा. दुसऱ्यांदा गाताना हुबेहूब जुळवायचा अट्टहास नको, किंचित फरकच हवा असतो. दोनदा गाण्याचा कंटाळा बीटल्सनाही होता. त्यावरच उपाय म्हणून त्यांच्या रेकॉर्ड कंपनी ईएमआयच्या केन टाउनसेंडने टेपने आपोआप दुहेरी आवाज करण्याची पद्धत काढली.

आणि आता नव्यांना सर्वांत जास्त आवडणारी युक्ती. शब्द उच्चारायच्या आधीच त्याची सावली पुढून येते, ती अशी करतात. ऑडॅसिटी हे ध्वनी संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात :

गायनाच्या ट्रॅकची नक्कल काढा. ओळीच्या आधी तीन-चार सेकंदांची शांतता घाला. ही पायरी चुकवली की पुढचं सगळं वाया जातं, कारण उलटं केल्यावर हीच शांतता ओळीच्या शेवटी येते आणि रिव्हर्बच्या (घुमाऱ्याच्या) शेपटीला तिथेच जागा मिळते. मग ट्रॅक उलटा करा, लांब रिव्हर्ब द्या, आणि 'वेट ओन्ली'वर खूण करा म्हणजे मूळ आवाज निघून जाईल. पुन्हा उलटा करा. आता ही सावली मूळ ओळीखाली बसवा, हळू ठेवा. प्रत्येक ओळीला नको, पहिल्या कडव्याच्या तोंडाशी एकदा आणि शेवटच्या धृपदाआधी एकदा पुरे.

पायरी ९ : बांधणी

डान्स गाणं पहिल्या दहा सेकंदांत आपली ओळख सांगून टाकतं. तुम्ही ती लांबवा. तंबोरा, त्यावर ऑर्गन, मग टॉम. या सुरुवातीच्या भागात मूळ गाण्याच्या धूनेचा एक तुकडा निम्म्या गतीने, एकेका सुराने पेरा. ज्याला कळलं तो शेजारच्याला कोपर मारेल, ज्याला नाही कळलं त्याला धृपद आल्यावर उमगेल. धृपदाचे शब्द आणि चाल मात्र जशीच्या तशी ठेवा. तिथे कलाकुसर केली तर ऐकणाऱ्याच्या हातातला दोराच सुटतो.

मध्ये वाद्यांचा मोकळा भाग ठेवा, पण त्याला हद्द हवी. "सोळा आवर्तनं, मग ऑर्गनवाला मान हलवेल" एवढं जरी ठरवलं तरी चालतं. काही ठरवलं नाही तर गिटारवाला थांबत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. शेवटाकडे लय वाढवायची की नाही? माझं मत, नको. दोन मिनिटांसाठी किक परत प्रत्येक ठोक्यावर आणा, संथ लयीतच, आणि राखून ठेवलेली बासची लकब सोडा. नाचाचं गाणं परत आल्यासारखं वाटतं, पण नाचता येत नाही. हे मला लय वाढवण्यापेक्षा फार जास्त आवडतं.

एकूण सहा ते सात मिनिटं पुरे. नेटवर टाकायला साडेतीन मिनिटांचं रूप वेगळं कापा.

स्टेजवर

जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरवर दोन उथळ काचेच्या बशा एकात एक ठेवा. खालच्या बशीत रंगीत पाणी आणि रंगीत तेल, वरची बशी हळूहळू दाबायची. न्यूयॉर्कच्या फिल्मोर ईस्ट या सभागृहाच्या काळातले प्रकाशाचे खेळ याच तत्त्वावर चालायचे आणि आजही मागचा पांढरा पडदा झकास दिसतो. उघडझाप करणारा स्ट्रोब वापरणार असाल तर दारावर तशी सूचना लावा. काहींना त्याने अपस्माराचा झटका येऊ शकतो.

जॅम रूम छोटी आणि अँप मोठा असेल तर कानात प्लग घाला. ८५ डेसिबल आठ तास सोसवतात, पण दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १००ला ती फक्त पंधरा मिनिटं उरते, आणि बंद खोलीत ड्रमसेट १०० सहज गाठतो.

परवानगीचं

जॅम रूममध्ये वाजवायला कुणाला विचारावं लागत नाही. कार्यक्रमात वाजवणार असाल तर त्या जागेकडे किंवा आयोजकाकडे आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना आहे का ते विचारा. रेकॉर्ड करून प्रसिद्ध करायचं तर प्रकरण जरा वाढतं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३१सी खास कव्हरसाठी आहे : गाण्याचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपून पाच कॅलेंडर वर्षं व्हावी लागतात, आधी सूचना आणि रॉयल्टी द्यावी लागते, आणि रॉयल्टी वर्षाला किमान ५०,००० प्रतींची धरली जाते. शिवाय तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेले बदल त्यात चालत नाहीत. आपण तर थाटापासून लयीपर्यंत सगळं बदलतोय. म्हणून छोट्या बँडने या कलमावर विसंबण्यापेक्षा हक्क ज्या प्रकाशन कंपनीकडे आहेत तिला सरळ लिहावं, सोबत डेमो जोडावा. शब्द मराठीत करणार असाल तर ती परवानगी वेगळी मागा. आणि मूळ रेकॉर्डिंगचा तुकडा, अगदी दोन सेकंदांचाही, आपल्या ट्रॅकमध्ये चिकटवू नका. त्या रेकॉर्डिंगचे हक्क गीतकार-संगीतकारांकडे नसून सहसा रेकॉर्ड कंपनीकडे असतात, आणि तिथून उत्तर यायला बरेच महिने जातात.